ठोके सुधारले, रुग्ण दगावले

हृदयाच्या पेशींत सोडियमचे आयन झपाट्याने शिरतात आणि ठोक्याचा विद्युत्संदेश पुढे जातो. फ्लेकेनाइड व एन्केनाइड ही औषधे सोडियमची ही वाट अडवतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे अवेळी ठोके त्यामुळे कमी होतात. मग मृत्यूही कमी होतील, हा तर्क कोणालाही पटावा.

अमेरिकेतील 'कास्ट' चाचणीने तो तपासला. तिचा १९९१चा अहवाल शिक्षकांनी जरूर वाचावा. औषधाने ज्यांचे अवेळी ठोके खरोखरच आटोक्यात आले, असेच रुग्ण तीत घेतले होते. सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले. तशीच दिसणारी औषधहीन गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. १९८९ मध्येच ही औषधे थांबवावी लागली. जादा मृत्यूंचे कारण कळलेले नाही, असे लेखक सरळ लिहितात. हा प्रामाणिकपणा मला आकड्यांइतकाच मोलाचा वाटतो. आपले विज्ञानलेख मात्र 'वाट अडली, ठोका सुधारला' इथेच थांबतात!

अहवाल फार ताणूही नये. तो झटका येऊन गेलेल्यांपुरता आहे. हृदयाची रचना निरोगी असलेल्या काही रुग्णांना अलिंदांच्या अनियमित स्पंदनासाठी फ्लेकेनाइड आजही देतात.