खारपाणपट्ट्याची रेघ

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५५ एच/९ या स्थलदर्शक नकाशावर अमरावती जिल्ह्यातले भातकुली सापडते. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे शिवारातला एक किलोमीटर. समोच्च रेषा दर वीस मीटरला. मेळघाटच्या नकाशांवर याच रेषा एकमेकींना खेटून डोंगर उभा करतात. इथे त्या शोधाव्या लागतात, कारण पूर्णा आणि पेढी या नद्यांच्या गाळाने भरलेल्या या सपाटीत वीस मीटरचा चढ लागायला कोसच्या कोस चालावे लागते. या मुलखाचे खरे वेगळेपण जमिनीच्या पोटात आहे. विहिरीला पाणी लागते, पण ते खारे, ओलिताला चालत नाही; म्हणून हा खारपाणपट्टा. माती काळीभोर आणि खोल, पण पाऊस लागून राहिला की शेत चिभडते आणि वाफसा येता येत नाही. स्थलदर्शक नकाशावर यातले काहीच दिसत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही पण ज्यावर गावाचे सगळे पीकपाणी ठरते, ते कागदावर कसे आणायचे? वऱ्हाडात आज जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचे तंत्र, शिकणाऱ्या मुलामुलींचे काम मी याच प्रश्नावर तोलून पाहतो.

साधनांची टंचाई आता उरलेली नाही, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेले क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते आणि त्याला एक रुपया लागत नाही. इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रे कोणालाही उतरवून घेता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे परवान्यांचे जुने निर्बंध बरेच सैल केले. नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, त्याच शहरात १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. पाणी, माती आणि नकाशा यांवर काम करणाऱ्या संस्था इतक्या जवळ असण्याचे भाग्य फार थोड्या तालुक्यांना लाभते. तरीही या भागावरचे प्रबंध आणि अहवाल चाळले की त्यांतले नकाशे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. तोच हिरवा-पिवळा-लाल पट्टा, कोपऱ्यात तोच नक्षीदार उत्तरबाण, तीच इंग्रजी सूची. शीर्षक बदलून एका तालुक्याचा नकाशा दुसऱ्याच्या जागी लावला तर पटकन लक्षातही येणार नाही.

जुन्या मोजणीदारांचा नकाशा असा नव्हता. वऱ्हाडात १८६०च्या दशकात मुंबई पद्धतीची जमाबंदीची मोजणी सुरू झाली. तेहतीस फुटांची शंकू साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. शेतावर टिपण काढायचे आणि टिपणांवरून गावनकाशा जुळवायचा. असे अनेक गावनकाशे मैलाला आठ इंच या प्रमाणात काढलेले आहेत. त्या कागदावर नाला, पांदण, विहीर, झाड, हद्दीचा दगड यांपैकी काय येणार आणि काय गळणार, हे आधीच पक्के ठरलेले असे. त्यांचा हेतू महसुलाचा होता आणि त्यात रयतेच्या भल्याचा विचार किती, हा वेगळा वाद आहे. पण हेतू स्पष्ट असल्यामुळे नकाशाही स्पष्ट झाला. त्याच्याही आधी इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून मोजणीचे त्रिकोण जोडत जोडत विदर्भापर्यंत पोचले आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. अमरावतीपासून काही तासांच्या अंतरावरचे हे ठिकाण भूगोलाच्या किती वर्गांनी पाहिले असेल, असा विचार मनात येतोच.

आजच्या शिकवण्यात पहिली उणीव प्रक्षेपणाची. पृथ्वी गोल आहे आणि पडदा सपाट, एवढे सगळ्यांना सांगितले जाते. त्याचा गुंठ्यांवर काय परिणाम होतो, हे फारसे कोणी सांगत नाही. वेबवरचे बहुतेक नकाशे ज्या मर्केटर पद्धतीत येतात, तिच्यात भातकुलीच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे पंधरा टक्क्यांनी फुगते. म्हणजे पार्श्वभूमीला उपग्रहचित्र घेऊन त्याच पद्धतीत शेत आखले आणि सपाट सूत्राने क्षेत्र काढले, तर चाळीस गुंठ्यांचा एकर सुमारे सेहेचाळीस गुंठ्यांचा भरतो. ज्या गावात हातभर धुऱ्यासाठी भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या अबोला चालतो, तिथे सहा गुंठे ही किरकोळ चूक नव्हे. पृथ्वीचे उभे विभाग पाडणारी यूटीएम पद्धत घेतली की हा फुगवटा जवळजवळ संपतो, पण मग दुसरी अडचण येते. तिचा त्रेचाळिसावा विभाग ७८ अंश रेखांशावर संपतो आणि ती रेघ अमरावती जिल्ह्यातूनच जाते. भातकुली आणि दर्यापूर अलीकडे, वरूड आणि धामणगाव पलीकडे. जिल्ह्याचा एकसंध नकाशा करणाऱ्याने विभाग कोणता आणि का निवडला, हे नकाशावरच लिहायला हवे. माझ्या पाहण्यात असे लिहिलेले नकाशे फार थोडे आहेत.

पण ही उणीव एका दिवसाच्या शिकवणीत भरून निघण्यासारखी आहे. खरा कस लागतो तो वर्ग पाडताना. आकडेवारी रंगांत मांडायची तर तिचे गट करावे लागतात, आणि गटांच्या सीमा कुठे ठेवायच्या, हे ठरवणे म्हणजेच नकाशा रचणे. क्यूजीआयएस न विचारता पाच गट पाडते आणि प्रत्येक गटात सारख्या संख्येने गावे भरते. बहुसंख्य विद्यार्थी तेच ठेवतात. आता पूर्णा खोऱ्याची माती घ्या. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण पंधरा टक्क्यांवर गेले की जमीन चोपण, ही पाठ्यपुस्तकातली मर्यादा. नागपूरच्या मृदाशास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींचा अभ्यास करून दाखवले की इथली चिकणमाती इतकी फुगणारी आहे की पाच टक्क्यांपासूनच पाण्याचा निचरा बिघडू लागतो. मोजमापे तीच, नमुने तेच. वर्गाची सीमा पंधरावर ठेवली तर एखादे गाव हिरवे दिसते, पाचवर ठेवली तर तेच गाव लाल होते. आपोआप पडलेले पाच गट या दोन्हींपैकी काहीच सांगत नाहीत. ते फक्त गावांना एकमेकांच्या मागेपुढे उभे करतात. सबंध पट्टाच बिघडलेला असला तरी त्यातला एक पंचमांश भाग गडद हिरव्या रंगात येणारच. मातीचे शास्त्र वाचल्याशिवाय नकाशा रंगवू नये असे मी म्हणतो ते यासाठी. हे कौशल्य कोणत्याही बटणात नाही, आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांत ते जवळजवळ शिकवलेच जात नाही.

खारपाणपट्ट्याच्या सीमेचेही असेच आहे. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या यादीत पूर्णा खोऱ्यातली ९३२ खारपाण गावे आली. योजनेला यादी लागते आणि यादीत गाव एकतर असते किंवा नसते, हे प्रशासनाचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. पण नकाशा करणाऱ्याने यादीचे गाव एका रंगात आणि शेजारचे पांढरे सोडले की शिवेवरच्या दगडापाशी पाणी एकाएकी गोड होते, असा अर्थ निघतो. भूजल शीव जाणत नाही. खारेपणा खोलीप्रमाणे बदलतो, ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्याने वरचा थर थोडा गोडा होतो आणि उन्हाळ्यात पुन्हा मचूळ. अशा गोष्टीला विरळ होत जाणारी छटा, किंवा विहिरींचे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याशी खोली व महिना, अशी मांडणी शोभते. ठिपक्यांचा नकाशा दिसायला कमी भरगच्च असतो आणि कदाचित म्हणूनच अहवालात त्याला जागा मिळत नाही. मला मात्र तो जास्त प्रामाणिक वाटतो, कारण जिथे मोजले तिथेच तो बोलतो.

तपशिलाच्या मर्यादेचाही विसर पडतो आहे. १:५०,००० वर तयार झालेल्या मृदा नकाशातली अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पंचवीस मीटर रुंद असते, म्हणजे जवळजवळ अडीच साखळ्या. संगणकावर हवे तेवढे जवळ जाता येते, रेघ बारीकच राहते, आणि शेतांच्या गट क्रमांकांच्या थरावर ती ठेवली की अमक्याच्या शेताचा अर्धा भाग चांगला आणि अर्धा वाईट, असा निकालच लागतो. उंचीच्या आकड्यांचे तसेच. २००० सालच्या स्पेस शटल मोहिमेची तीस मीटरची उंचीमाहिती घेऊन नद्यांचे प्रवाहजाल काढायचे आणि त्यांच्या श्रेणी मोजायच्या, हा विदर्भातल्या भूगोल प्रबंधांचा आवडता विषय आहे. सातपुड्याच्या उतारांवर ही पद्धत छान चालते. भातकुलीच्या सपाटीत, जिथे माहितीतली चूकच जमिनीच्या चढउताराहून मोठी असू शकते, तिथे संगणक शेजारी शेजारी सरळ जाणारे प्रवाह आखून मोकळा होतो. असे नाले शिवारात नसतात. एकदा पांदणीने जाऊन पाहिले असते तर ते नकाशावरही राहिले नसते.

एवढे दोष सांगितल्यावर, याच मुलखासाठी झालेल्या एका चांगल्या कामाचाही उल्लेख केला पाहिजे. कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईच्या चमूने क्यूजीआयएसला जोडता येणारे पाण्याच्या ताळेबंदाचे साधन तयार केले. महसूल मंडळातला रोजचा पाऊस, मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा वापर, उतार आणि पीक एवढे त्यात घातले की किती पाणी वाहून गेले, किती मातीत राहिले, किती मुरले आणि पिकाला किती कमी पडले, याचा गावातल्या भागांनुसार हिशेब मिळतो. मला यात मोलाचे वाटते ते असे की इथे प्रश्न आधी आला आणि नकाशा नंतर. पिकाला पाण्याचा ताण केव्हा आणि कुठे पडतो, हे कास्तकार विचारतोच. साधन त्याच प्रश्नाभोवती बांधले आहे. ते मुक्त सॉफ्टवेअरवर असल्याने हिशेब कसा होतो, हे उघडून तपासता येते. उणीव एवढीच की त्यातून निघणारे चित्र अभियंत्याच्या डोळ्यांचे आहे. शेततळे कुठे घ्यावे यावर ग्रामसभेत बोलायचे असेल तर त्याच आकड्यांना मंदिर, शाळा, नाल्यावरचा पूल, गावाने ठेवलेली शेतांची नावे यांची जोड लागते.

ती जोड गावात तयार असते. सूक्ष्म नियोजनाच्या वेळी चावडीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. बायका पाणवठे दाखवतात, म्हातारे जुन्या पुराची रेघ ओढतात, कोणत्या विहिरीचे पाणी जनावरेही तोंडाला लावत नाहीत, हे पोरेटोरेसुद्धा सांगतात. त्याचा फोटो निघतो, अहवालात चिकटवला जातो आणि संगणकातल्या नकाशात त्यातले एक नावही उतरत नाही. मुक्त नकाशांच्या जागतिक चळवळीत, ओपनस्ट्रीटमॅपसारख्या प्रकल्पात, गावाने स्वतः नावे भरायची सोय आहे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातली घरे ड्रोनने नेमकी आखली जात आहेत. शिवारातल्या पांदणींना, नाल्यांना आणि टेकाडांना मात्र अजून त्यांची नावे मिळायची आहेत.

नावे लिहायची म्हटले की लिपी येते. आपल्याकडची गावांची यादी बहुधा इंग्रजी स्पेलिंगात हाती येते आणि मग तिचे देवनागरीकरण कोणीतरी अंदाजाने करते. ळ चा ल होतो, ण चा न होतो. जुन्या कार्यालयीन फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत असतात आणि तक्त्यात उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात. शेपफाइल या जुन्या पण अजूनही सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात. युनिकोड देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे 'खारपाण' हा शब्दसुद्धा तिथे पुरता मावत नाही. जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरला की ही अडचण राहत नाही, आणि मराठी मुलांना पहिल्याच तासाला तोच शिकवला पाहिजे. नदीचे नाव वळणावर लिहिताना अक्षरांतले अंतर वाढवायचा मोह होतो. रोमनमध्ये ते शोभते, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि जोडाक्षर विस्कटते. इथे नाव वळवण्याऐवजी ते सरळ, लहान आणि दोनतीन ठिकाणी पुन्हा लिहावे.

वर्गात द्यायला माझ्या मनात एक काम आहे. भातकुली तालुक्यातले एकच गाव घ्यावे. दोन ऋतूंत विहिरी मोजाव्यात, रांगोळीचा नकाशा समोर ठेवावा, वर्गांच्या सीमा मृदाशास्त्र वाचून ठरवाव्यात आणि सूची मराठीत लिहावी. आणि एक अट घालावी: तयार नकाशा तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात काढला तरी वाचता आला पाहिजे, कारण गावात तो तसाच पोचणार आहे. त्या प्रतीत रंग सगळे राखाडी होतात. खारेपणा मग तिरप्या रेघांच्या दाटीने दाखवावा लागतो, गोड्या विहिरीला पोकळ वर्तुळ आणि खाऱ्या विहिरीला भरीव, आणि धुऱ्याची रेघ नाल्याहून बारीक.