दारिद्र्यनिवारणाचे क्षेत्रप्रयोग : ग्रामस्वच्छतेच्या एका प्रयोगाचे परीक्षण

दारिद्र्य कशाने कमी होते हे प्रत्यक्ष प्रयोगाने ठरविता येईल, ही कल्पना अर्थशास्त्रात शेतीच्या वाफ्यांतून आली आहे. कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यावयाचे हे प्रयोगकर्त्याच्या मर्जीवर न सोपविता चिठ्ठीने ठरवावे, असा दंडक रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे घालून दिला. परभणीच्या कृषी विद्यापीठात तो आज नित्याचा आहे. वाफ्याच्या जागी गाव आणि खताच्या जागी शासकीय योजना ठेवली की क्षेत्रप्रयोग सिद्ध होतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून या पद्धतीची प्रतिष्ठा इतकी वाढली आहे की, तिच्या मर्यादांचा उच्चारही अडाणीपणाचा ठरावा.

महाराष्ट्र शासनाने २००४ साली योजिलेला ग्रामस्वच्छतेचा प्रयोग या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगा आहे. उघड्यावरील शौचामुळे बालकांना वारंवार रोग जडतात, त्यांची वाढ खुंटते आणि पुढे त्यांची कमाईही खुंटते, अशी त्यामागील विचारसरणी होती. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नांदेड व नंदुरबार हे तीन जिल्हे त्यासाठी योजिले होते. अहमदनगरमधील साठ गावांपैकी निम्म्या गावांत, चिठ्ठीने ठरवून, मोहीम राबविण्यात आली. तेथील बालकांची वयानुसार उंची सुमारे ०.३ प्रमाण विचलनाने वाढल्याचे जेफ्री हॅमर व डीन स्पीअर्स यांनी दाखविले.

नांदेड व नंदुरबार येथे मात्र प्रयोग झालाच नाही. हॅमर व स्पीअर्स यांनी ही गोष्ट लपविलेली नाही; उलट २०१६ च्या निबंधात तिचीच चर्चा केली आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. तथापि तिचा पुरता अर्थ अद्याप घेतला गेलेला नाही. गावे चिठ्ठीने निवडली गेली, जिल्हा मात्र प्रशासनाच्या कुवतीने निवडला गेला. अर्थात जे मोजले गेले ते केवळ संडासांचे फळ नव्हे. योजना तडीस नेऊ शकणाऱ्या यंत्रणेचा वाटाही त्यात मिसळलेला आहे, आणि तो वेगळा काढण्यास त्या प्रयोगात साधन नाही. मध्य प्रदेशातील ऐंशी व ओडिशातील शंभर गावांच्या प्रयोगांत (दोहोंचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले) बालकांची उंची वाढली नाही. ओडिशात तर संडास असलेल्या घरांचे प्रमाण शेकडा ९ वरून ६३ वर गेले होते. संडास बांधणे आणि वापरणे यांतील अंतर गावागावाने बदलते, आणि एका जिल्ह्याची सरासरी दुसऱ्याच्या पदरात घालता येत नाही.

शेजारच्या नांदेडला जे वगळले गेले, तेच परभणीच्या अभ्यासकाच्या कामाचे आहे. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण उभी राहते. गाव हाच प्रयोगाचा घटक धरावयाचा, तर त्याला स्थिर लोकवस्ती हवी. फाटा म्हणजे रस्ता फुटण्याची जागा. तेथे दुकाने असतात, थांबणारी वाहने असतात, पण सांजेला तेथून उठून जाणारी माणसे कोणत्या गावच्या यादीत धरावयाची? दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांचे तर निम्मे वर्ष कारखान्याच्या आवारात, पालात जाते. त्यांची मुले गावच्या संडासाला सहा महिने पारखी असतात. ज्या जिल्ह्यांकडे हा लोंढा जातो त्यांत अहमदनगरही आहे, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे : जेथे उपचार यशस्वी ठरला त्याच भूमीत, उसाच्या फडालगत, ज्यांच्यासाठी तो मुळात हवा होता त्यांतील कित्येकजण उघड्यावर राहत असतात.

पुढील प्रयोग मराठवाड्यात करावयाचा झाल्यास त्याची चिठ्ठी गावांवर न टाकता ऊसतोड टोळ्यांवर टाकावी लागेल, आणि मोजमाप दसऱ्यापूर्वी एकदा व परतीनंतर एकदा असे दोनदा करावे लागेल. पालातील बालकाची उंची मोजावयास कोणत्या जिल्ह्याची यंत्रणा जाणार, हे आधी ठरले पाहिजे.