उसनी मनने आणि रूथचा सरवा

मराठी ख्रिस्ती घरांत सकाळी फोनवर येणारी मनने वाचली की चीड येते. वर वचन, खाली एक छोटी गोष्ट, शेवटी प्रार्थना. गोष्टीत बर्फाने अडलेला रस्ता, विमानतळावर हरवलेली बॅग, थँक्सगिव्हिंगची मेजवानी. श्रीरामपूरच्या किंवा वसईच्या वाचकाने त्यात स्वतःला कुठे शोधायचे? उज्जैनसारख्या शहरात तर उपासनाच हिंदीत चालते. तिथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला मायबोली भेटणार ती अशा चार ओळींत, आणि त्याही उसन्या!

ज्या भाषेत १६१६ साली फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले, तिला ही उसनवारी शोभत नाही.

दशांश द्या, देव बंगला देईल, या थाटाच्या मननांवर शाई खर्चायचे कारण नाही. रविवारच्या प्रवचनाचा सांगाडा परिच्छेदात कोंबणारी मननेही तशीच निर्जीव.

छोट्या मननाचा खरा वस्तुपाठ लक्ष्मीबाई टिळकांनी घालून दिला, तोही मनन लिहायचे असे न ठरवता. त्यांचे पती टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोवळे सांभाळत दूर राहिल्या. परतल्या तरी खाण्यापिण्याचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने केलेला नाही हे पुढे उमगले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी त्यावर लांबलचक तत्त्वचर्चा केली नाही. आपले सोवळे कसे सुटले, तेवढे सांगितले. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय यहुदी आणि हेल्लेणी हा भेद पुसतो. मराठीत तसाच भेद या सुटलेल्या सोवळ्यात पुसला गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वाटेचे. वसईच्या विहिरी आणि बागायती वाचाव्यात म्हणून ते रस्त्यावर उतरले. एदेन बागेची राखण करायला माणसाला ठेवले, हे उत्पत्तीतले वचन अशा माणसाच्या लेखणीतून आले की त्याला वजन येते.

आता बायबलमधली रूथ घ्या. परक्या देशातली ही विधवा कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. छापील मननांत तिची नुसती आज्ञाधारक सून होते. पण ज्वारीच्या काढणीनंतर रानात कणसे वेचणाऱ्या बाया नगर-मराठवाड्यातल्या वाचकाने पाहिलेल्या आहेत. कित्येकांच्या आज्यांनी स्वतः सरवा वेचला आहे. शेताच्या कडा पुरत्या कापू नका, पडलेले गोळा करू नका, ते गरिबाचे आणि उपऱ्याचे, असा नियम लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. रूथ भीक मागत नव्हती, हक्काचे घेत होती. एवढे लिहिले की पुढचा प्रश्न येतोच: आजचा शेतमालक काय सोडतो, आणि मजुरी किती देतो?

हा प्रश्न नको म्हणूनच बर्फाच्या गोष्टी बऱ्या वाटतात. नगर-मराठवाड्यातला बहुसंख्य ख्रिस्ती समाज दलित जातींतून आला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या यादीतून ख्रिस्ती दलित बाहेर राहिला. शीख दलितांना १९५६मध्ये आणि बौद्धांना १९९०मध्ये दार उघडले. ख्रिस्त्यांना ते आजही बंद आहे. शाळेच्या फॉर्मवर जातीच्या रकान्यात काय लिहावे, याचा घोर ज्या घरात आहे, त्या घराची रोजची श्रद्धा या घोरासकटच असते. मग मननात तो का नाही?

मनन मनःशांतीसाठी असते, तिथे राजकारण नको, असे उत्तर मिळते. मग आमोस संदेष्ट्याचे काय करायचे? मेंढरे राखणाऱ्या, उंबरांची निगा करणाऱ्या त्या माणसाने मापात खोट करणाऱ्यांना देवाच्या नावाने जाब विचारला. त्याला रोजच्या वाचनातून वगळायचे का?

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांनी आणि मंडळ्यांनी उसनी मनने वर्षभर तरी बंद ठेवावीत. ती जागा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला, रात्रपाळीच्या नर्सला, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांना द्यावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्याजवळ बसून कुणीतरी उतरवून घ्यावे. लक्ष्मीबाईंचेही रीतसर शालेय शिक्षण झालेले नव्हते.