बालाघाटावरून वाचलेला झऱ्यांचा अहवाल

हिमालयातील झऱ्यांची नोंद आणि पुनरुज्जीवन या विषयावर नीती आयोगाच्या कार्यगटाने २०१८ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. भूगोल व विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो मिळवून वाचावा असा आहे. डोंगराचे पाणी म्हटले की आपल्याला हिमनदी आठवते. डोंगरात राहणाऱ्या बहुसंख्य माणसांची घागर मात्र झऱ्यावर भरते, हे या अहवालाने ठासून सांगितले. झरा ही पाण्याची जागा नसून खडकातल्या साठ्याचे तोंड आहे, तेव्हा उपाय तोंडाशी न करता साठ्याशी करावा, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. ते आम्हाला मान्य आहे.

त्याच वर्षी आयोगाने निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. म्हणून आम्ही हा अहवाल बालाघाटावर बसून वाचायचे ठरवले. डोंगराच्या पाण्याशी येथील माणसाचे नाते जुने आहे. तुळजापूरची गोमुख व कल्लोळ तीर्थे सर्वांना ठाऊक आहेत. तेरखेड्याजवळ उगम पावणारी तेरणा मांजरेमार्गे गोदावरीला मिळते, तर पश्चिम उताराचे पाणी सीनेतून भीमेला, पुढे कृष्णेला जाते. दोन महानद्यांमधला हा जलविभाजक आहे. पण येथे बर्फ नाही, घनदाट अरण्य थोडे, आणि वर्षाचा पाऊस सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटरांच्या आसपास.

अडचण येथूनच सुरू होते. हिमालयात खडकांचे थर वळलेले, कललेले असतात. त्यामुळे एखाद्या झऱ्याचे पाणी डोंगराच्या पलीकडल्या अंगाला मुरलेले असू शकते. अहवालाची बरीच बुद्धी हे मुरण्याचे ठिकाण शोधण्यात खर्च झाली आहे. बालाघाटातील बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे. भेगाळ किंवा मांजऱ्या खडकातून उतरणारे पाणी खालच्या घट्ट थरावर, कधी तांबड्या मातीच्या पट्ट्यावर अडते आणि कड्याच्या पोटातून बाहेर पडते. म्हणजे मुरण्याचे ठिकाण मुख्यतः झऱ्याच्या डोक्यावरचे पठार! आणि ते जंगलखात्याचे नाही, पिकाखालचे खासगी शिवार आहे. झऱ्याच्या पातळीखाली उतारावर कितीही समतल चर खणले तरी ते पाणी खालच्या थराला मिळते, वरच्या झऱ्याला नाही. आपल्याकडे ‘डोंगर म्हणजे चर’ हा हिशेब इतका रूढ आहे की ही साधी भूमितीही विसरली जाते.

आता वर्गात करता येईल असे एक कल्पित गणित घेऊ. झऱ्याच्या वर २० हेक्टर पठार आहे आणि पावसाळ्याअखेर खडकाची ५ मीटर जाडी पाण्याने भरली आहे. बेसाल्ट आपल्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के इतकेच पाणी सोडतो. आपण २ टक्के धरू. साठा झाला २०,००० घनमीटर. झरा सेकंदाला १ लिटर वाहिला तर दिवसाला ८६.४ घनमीटर, म्हणजे साठा सुमारे २३१ दिवस पुरतो. ऑक्टोबरपासून मोजले तर मे महिन्याचा तिसरा आठवडा. (प्रत्यक्षात साठा घटतो तशी धारही बारीक होते, येथे ती सोयीसाठी एकसारखी धरली.) याच पठारावर दोन बोअर सेकंदाला प्रत्येकी २ लिटर असे रोज आठ तास चालले, तर रोजचा उपसा ११५.२ घनमीटरांनी वाढतो आणि साठा ९९ दिवसांत संपतो. झरा जानेवारीतच आटतो. पाऊस एका थेंबाने कमी झालेला नाही!

अहवालात उपशाला मिळालेली जागा आम्हाला म्हणूनच फार अपुरी वाटते. शिवाय केसिंग न घातलेले खोल बोअर मधला घट्ट थर भेदते, तेव्हा वरचे पाणी त्यातूनच खाली निसटते. पंप बंद असला तरीही.

हवामानबदलाचे काय? तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले. २०२५च्या सप्टेंबरात भूम-परंड्याने त्याची चव घेतली. परंतु आमच्या गणितातले भांडे वीस हजारांचेच. ते भरल्यावरचा पाऊस माती घेऊन नदीला जातो, पुढच्या कोरड्या वर्षाच्या खाती जमा होत नाही. तेव्हा ‘झरे हवामानामुळे आटले’ हे विधान बालाघाटापुरते अर्धवट आहे, आणि उपसणाऱ्यांना सोयीचेही.

हिमालयातील जवळजवळ निम्मे झरे आटले वा हंगामी झाले, हा अहवालातील आकडा वृत्तपत्रांनी उचलून धरला. देशात झऱ्यांची पद्धतशीर नोंद नाही ही तक्रारही त्याच अहवालात आहे.  पाऊस आणि उपसा यांचे वाटे वेगळे करायचे तर नोंदी हव्यातच. त्यासाठी दहा लिटरची बादली, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक पुरे. बादली किती सेकंदांत भरली ते दर सोमवारी त्याच वेळी लिहावे, आणि पठारावरचे पंप त्या आठवड्यात किती तास चालले तेही शेजारच्या रकान्यात.