तालीम आणि तक्क्या

मराठी ग्रामीण कादंबरीतल्या गावाला देऊळ असते, चावडी असते, पार असतो. महारवाड्यातला तक्क्या मात्र समीक्षकांच्या हिशेबात येत नाही. लाकडी खांबांवर तोललेली, मातीच्या भिंतींची ही लहानशी जागा आमच्या मलकापूर-कराड भागातल्या वस्त्यांत पाहुण्याचा मुक्काम, रात्रीचे भजन, लग्नाची बैठक आणि भावकीचा न्याय एवढे सारे सांभाळीत असे. गावकामाचा सांगावाही तिथेच येई.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) तरुण मास्तर लोकांच्या श्रमांतून तालीम उभी करतो. उद्घाटनाला राजा येतो. हे चित्र सच्चे आहे, सुंदरही आहे. ती मुख्यतः धनगरांची वाडी. तिथे महारवाडा का नाही, असे लेखकाला विचारणे अन्यायाचे ठरेल. माझा आक्षेप समीक्षेवर आहे. तिने वाडीच्या एकोप्यालाच गावाचा एकोपा मानले. राबणारा प्रत्येक हात आपखुशीने राबतो, हे गृहीत धरले.

शंकरराव खरात त्याच माणदेशातल्या आटपाडीचे. त्यांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) विहिरीतले प्रेत काढायला वडिलांना उतरावे लागते. आत साप, वर पोलिसी हुकूम, आणि मुलगा हे सारे पाहतो आहे. हेही गावाचेच काम. पण इथे नाही म्हणण्याची सोय नाही. तालमीची भिंत आणि हे प्रेत शेजारी ठेवल्याखेरीज माणदेशातले गाव पुरते वाचून होत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर जागोजागी तक्क्यांचे विहार झाले, त्याचा अर्थ इथे लागतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले होते; वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. धर्मांतराने मनातला आणि कायद्याने कागदावरचा हुकूम मोडला. तक्क्यात बसलेला माणूस आता सांगाव्याची वाट पाहणारा राहिला नाही.

प्रश्न आपल्यालाही आहे. केवळ जयंतीला उघडणारा विहार जुन्या तक्क्याहून लहान ठरतो. मुलांचा अभ्यास, बायांची बैठक, वस्तीचा तंटा यांना तिथे रोज जागा हवी. आणि आपल्या लेखकांना माझे सांगणे असे: सांगाव्याचे दुःख आपण लिहिले. आता गावकाम सोडण्याचा ठराव त्याच खांबांखाली कसा झाला, कोण बाजूने बोलले, कोण घाबरले आणि दुसऱ्या दिवशी कुणाची चूल पेटली नाही, तेही लिहा.