एएनएची काचपट्टी वाचताना

महिनाभर हटत नसलेला ताप, उतरलेले वजन, तोंडातले व्रण, गळणारे केस, मानेतल्या गाठी आणि रक्तात कमी झालेल्या पांढऱ्या पेशी. हे चित्र ल्युपसचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचे, असू शकते, तसेच एचआयव्हीचेही. बऱ्हाणपूरचा डॉक्टर दोन्ही तपासण्या लिहून देतो. एचआयव्हीची सरकारी आयसीटीसी केंद्रात मोफत होते. एएनएचा नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या लॅबकडे रवाना होतो. रिपोर्ट आले की घरचे लोक त्यात एकच शब्द शोधतात, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. त्या शब्दामागे केवढी कारागिरी असते, ती जवळून पाहण्यासारखी आहे.

सुरुवात काचपट्टीपासून करू. एएनए म्हणजे आपल्याच पेशीच्या केंद्रकाविरुद्ध उठलेली प्रतिपिंडे. ती पकडण्यासाठी काचेवर हेप-२ नावाच्या मानवी पेशींचा एकपदरी थर लावलेला असतो. या पेशींची निवडच मोठी जाणकारीची: केंद्रक मोठे, आणि विभाजन सतत चाललेले. त्यावर रुग्णाचे पातळ केलेले सीरम सोडतात, धुतात, मग मानवी प्रतिपिंडाला चिकटणारे आणि निळ्या प्रकाशात हिरवे चमकणारे रसायन सोडतात, पुन्हा धुतात. धुणे कमी पडले तर सगळीच काच हिरवट दिसते. नीट धुतलेल्या पट्टीवर जे खरोखर चिकटले तेवढेच उजळते. त्या स्वच्छ काळोखातच या तपासणीची अर्धी अब्रू असते.

आता पॅटर्न. जुना विणकर कापड उजेडाकडे धरून पोत ओळखतो, तसा इथला जाणकार केंद्रकातला हिरवा पोत ओळखतो: एकसंध, ठिपकेदार, न्यूक्लिओलसपुरता, सेंट्रोमिअरचा. पण खरी नजर जाते ती विभाजन चाललेल्या पेशीकडे. तिथे गुणसूत्रे मधोमध पट्टीसारखी रांगेत उभी असतात. ती पट्टी लख्ख उजळली, तर प्रतिपिंडे डीएनए किंवा तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनविरुद्ध आहेत, म्हणजे ल्युपसचा संशय दाट होतो. केंद्रकात भरड ठिपके आहेत, पण पट्टी काळीच राहिली, तर रोख एसएम किंवा आरएनपी या प्रथिनांवर असू शकतो. एसएम ल्युपसच्या खास खुणांपैकी एक. आजूबाजूच्या शेकडो पेशी एक गोष्ट सांगतात आणि या मूठभर पेशी त्यावर निकाल देतात. ज्याने ती पट्टी शोधून पाहिली, त्यानेच काच वाचली.

त्यानंतर टायटर. १:४०, १:८०, १:१६०, १:३२० असे सीरम दर पायरीला दुप्पट पातळ करत जातात आणि चमक कुठवर टिकते ते पाहतात. १:४० ला चमक येणे धडधाकट माणसांतही नवलाचे नाही. १:१६० लाही शंभरातल्या पाचेक निरोगी माणसांत ती दिसते. म्हणूनच २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० हा केवळ उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर सांधे, त्वचा, मूत्रपिंड, रक्त यांचे गुण मोजायचे असतात. आकडा एवढा नेमका, आणि त्याचा दावा एवढा माफक. हा संयम मला फार भावतो.

या साऱ्यात सगळ्यात देखणी तपासणी मात्र एका माशीच्या पोटातल्या जिवावर उभी आहे. क्रिथिडिया ल्युसिली हा चाबकासारखी शेपटी असलेला एकपेशीय जीव. शेपटीच्या मुळाशी त्याचा किनेटोप्लास्ट असतो, म्हणजे दुपदरी डीएनएची घट्ट गुंडी, आणि तिथे हिस्टोनची भेसळ नाही. रुग्णाचे सीरम लावल्यावर जिवाचे मोठे केंद्रक कितीही चमको, त्याला भाव नाही. तो इवला ठिपका उजळला तरच डीएस-डीएनए, म्हणजे दुपदरी डीएनएविरुद्धची तपासणी, पॉझिटिव्ह. तो उजळला नाही म्हणून ल्युपस नाही असे ठरत नाही, पण ठळक उजळला तर संशयाला फारशी जागा उरत नाही. एवढी शुद्ध कसोटी निसर्गात तयार होती, आणि कुणाला तरी ती दिसली!

आता दुसरा कागद. एचआयव्हीची एलायझा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते, आणि ल्युपसच्या रक्तात तऱ्हतऱ्हेच्या प्रतिपिंडांचा पूर असतो. त्यातली काही भलतीकडे चिकटतात आणि क्वचित एलायझा खोटीच रिअॅक्टिव्ह येते. ल्युपसमध्ये सिफिलिसची व्हीडीआरएल तपासणीही अशीच फसते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उलट एचआयव्हीतही एएनए कमी टायटरला पॉझिटिव्ह येऊ शकतो. यावरचा उपाय तपासणीच्या रचनेतच आहे: लक्षणे नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणण्याआधी वेगवेगळ्या घडणीच्या तीन किट्सनी हो म्हणावे लागते. एक किट जिथे चुकते तिथेच दुसरेही चुकण्याचा संभव थोडा. तरी घोळ राहिलाच, तर विषाणूचा आरएनए थेट शोधता येतो. तिथे प्रतिपिंडांच्या गर्दीचा प्रश्नच येत नाही. भारतात १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांनी एचआयव्ही प्रथम उघड केला. त्या तिथल्या गायतोंडे या मराठी घराण्यातल्या. त्यांनीही वेल्लोरच्या एलायझावर न थांबता अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉटने पडताळा करून घेतला. एवढ्या मोठ्या बातमीलाही दुसऱ्या साक्षीची वाट पाहायला लावणे, हा खरा शास्त्रीय खानदानीपणा.

शेवटी सी-३ आणि सी-४ ही पूरक प्रथिने. ल्युपस भडकला की प्रतिपिंडांच्या गुंत्यात ती खर्ची पडतात आणि पातळी घसरते. उपचार लागू पडले की बहुधा पुन्हा वर येते. डीएस-डीएनए चढता आणि सी-३ उतरता, अशी जोडी दिसली की जाणता डॉक्टर लगेच लघवीतली प्रथिने तपासायला सांगतो, कारण पुढचा घाव मूत्रपिंडावर असू शकतो. दोन कोरड्या आकड्यांतून शरीरातली झुंज अशी वाचता येते.

हे वाचन नेमके हवे, कारण पुढच्या वाटा वेगळ्या आहेत. ल्युपसला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि गरजेनुसार प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे; एचआयव्हीला रोज न चुकता एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधे. ल्युपस समजून एचआयव्ही असलेल्याची प्रतिकारशक्ती आणखी दाबली, तर जिवावर बेतेल. एका खोट्या एलायझावर विसंबून एखादीला एचआयव्हीचा शिक्का मारला, तर तिचे घर मोडेल. म्हणून रिपोर्ट हाती आला की टायटर किती, पॅटर्न कोणता, पडताळा कशाने केला, हे तीन प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावेत. या तपासण्या घडवणाऱ्यांनी त्यांची उत्तरे त्या कागदावर आधीच मांडून ठेवली आहेत.