बेलफास्टची भित्तिचित्रे : प्रतीक आणि धाक

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या भित्तिचित्रांकडे केवळ दोन समाजांतील वैराचे प्रतीक म्हणून पाहणे अपुरे ठरते. फॉल्स रोडवरील बॉबी सँड्सचे हसरे चित्र १९८१ च्या उपोषणातील मृत्यूला हौतात्म्याचे रूप देते; ब्रिटननिष्ठ वस्त्यांतील निमलष्करी चित्रांत मात्र बुरखाधारी बंदूकधारी दिसतो. तो उभा असतो स्वकीयांच्याच गल्लीत. प्रतिपक्ष तेथे क्वचितच फिरकतो. त्यामुळे त्या बंदुकीचा पहिला धाक शेजाऱ्यांनाच बसतो. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर, २००६ मध्ये तेथील कला परिषदेने अशी चित्रे बदलण्याची योजना आखली. काही भिंतींवर बंदुकीच्या जागी स्थानिक इतिहास आला. तथापि चित्र बदलल्याने भिंतीवरील ताबा संपतोच असे नाही. ते पुसण्यास कोणाची संमती लागते, हा प्रश्न चित्रापेक्षा अधिक बोलका ठरतो.